उभ्या तुऱ्याचा कोंबडा

हसू, तू गेलास हे तुझ्या कोंबड्यांना कुणी सांगायचं, यावर तुझ्या घरात चांगला पाऊण तास खल झाला. माणसांना कळवायला फोन होते. कोंबड्यांसाठी मला वर पिटाळलं. "मास्तर, तुमी बोलन्यात हुशार, तुमीच जा," असं तुझ्या चुलतभावाचं म्हणणं. तीन जिने चढून गच्चीवर गेलो, तर तुझे एकवीस असील जातीचे पक्षी शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे एका रांगेत उभे, आणि एकवीस माना माझ्याकडं वळलेल्या. मी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आता तू विचारशील, "मास्तर, यात पानी किती?" मी कुठलीही गोष्ट सांगितली की तू मशेरीचं बोट दातावर थांबवून तेवढंच विचारायचास. मीही इमानदारीत सांगायचो: निम्मं, कधी पाऊण, कधी आज दूधच नाही. तर रांग हे पाणी. एकवीसही नव्हते, एकोणीस होते. पण ते गप्प होते हे निव्वळ दूध. सकाळी नऊला, दाण्याच्या वेळेला, एक कोंबडी ओरडत नव्हती.

त्याला तीन महिने होत आले. मी रोज नवीन पनवेलहून चालत, खांदा कॉलनी ओलांडून तुझ्या गावठाणात येतो. तुझी लेक मंदा अजून उरणजवळच्या मोऱ्याला सासरी परतलेली नाही. ती चहा देते, मी वर जातो. तुझी लोखंडी खुर्ची पाण्याच्या टाकीच्या सावलीत होती तिथंच आहे. कोंबड्या तिच्याभोवती टिपतात, तिच्याखाली जात नाहीत. मी मुद्दाम खुर्चीखाली बाजरी फेकून पाहिली. संध्याकाळपर्यंत दाणा न् दाणा तसाच.

आणि रोज, मी एखादा पक्षी उचलला की मागून तुझी जीभ टाळूला लागून वाजते. टक्. मी चुकीचा धरला की वाजवायचास, तीच. मंदाला सांगितलं तर म्हणाली, "काका, टाकीचा बॉल वाजत असंल." असेलही. पण कोंबडी नीट धरली की गप्प बसतो आणि पंख मोकळा राहिला की वाजतो, असा बॉल कोणता प्लंबर बसवून गेला? सुरुवातीला मी मागं वळून बघायचो. आता वळत नाही. वळलो की तू नसतोस.

तुला आठवतं ना, तू पहिल्यांदा शाळेत आलास तेव्हा मी आठवीच्या पोरांना घडा काढायला शिकवत होतो. दारात उभा राहून तू म्हणालास, "चित्रकलेचं मास्तर तुमीच ना? मना एक कोंबडा काडून पायजे."

मी म्हटलं, "कोंबडा काय, ऐरावत काढून देतो. फोटो आणलाय?"

"फोटूचा कोंबडा नको. हाय तसा नको. असावा तसा पायजे."

पंचवीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तुझ्या बापाने, जोमाबाबाने, असील कसा असावा त्याची सोळा लक्षणं तुला तोंडी दिली होती. ती तुला कागदावर हवी होती. तू बोलत गेलास, मी काढत गेलो. डोळा मोत्यासारखा पांढरा. चोच आखूड आणि जाड. गळ्याखाली लोंबतं मांस नाही. पाठ उतरती, शेपूट खाली, पिसं अंगाला अशी घट्ट की पावसाचं पाणी थांबू नये. पायाच्या नळ्या गोल नको, चौकोनी. आणि सगळ्यात वर तुरा: बसका, तीन ओळींचा, टाळूला चिकटलेला. "उभा तुरा म्हंजे भेसळ," तू म्हणालास. "बाकीचा पंदरा गुनांचा असला तरी भेसळ." मी मान दोन बोटं लांब काढली. तू पाहिलंस आणि म्हणालास, "मास्तर, हा कोंबडा हाय का जिराफ? खोड ती दोन बोटं." मी खोडली नाहीत. तू वीस वर्षं त्या दोन बोटांना शिव्या घालत, त्या दोन बोटांच्या मागं लागून पैदास केलीस.

भातशेती गेली, तिथं इमारती आल्या, आता डोक्यावरून विमानं जातात आणि तुझी पिल्लं त्यांना घार समजून दबून बसतात. तू मात्र बापाचे पक्षी घेऊन गच्चीवर चढलास. झुंजी लावणारे गाड्या घेऊन यायचे, त्यांना तू जिन्यावरूनच परत लावायचास. तुला कोंबडा जिंकायला नको होता. तुला तो बरोबर हवा होता.

तुझी पारखायची रीत बघायला मी पोरांची सहल आणली होती. दोन्ही तळहातांत पक्षी, डोळे मिटलेले, अंगठा छातीच्या हाडावरून खाली. मी म्हटलं, डोळे का मिटतोस? तू म्हणालास, "डोला रंगाला भुलतो. हाताला रंग दिसत नाय." थंडीत छाटणी. सोळांत बसेल तो ठेवायचा, न बसेल तो घरच्या घरी कापायचा आणि घरच्या घरी खायचा. जिवंत बाहेर जाऊ द्यायचा नाही. मी एकदा एक लाल डोळ्याची तलंग मागितली, कोवळी कोंबडी, सुंदर होती रे, माझ्या बाल्कनीत ठेवली असती. तू दिली नाहीस. संध्याकाळी डब्यातून तिचा रस्सा पाठवलास. मी रडत रडत खाल्ला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. यात पाणी नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

चार वर्षांपूर्वी तू बहिणीच्या मुलीच्या लग्नाला दहा दिवस अलिबागेला गेलास. गच्ची माझ्यावर सोपवलीस. तुझी लाडकी कोंबडी काशी तेव्हा अंड्यावर आलेली. तिच्यासाठी निवडलेला नर वेगळ्या खुराड्यात, तू आल्यावर सोडायचा होता. मला कामं तीन: दाणा, पाणी, कडी. दाणा घातला, पाणी घातलं. चौथ्या दिवशी खाली टपरीवर मी एक किस्सा सांगायला बसलो. किस्सा रंगला, तो संपेना, आणि मी संपवीनाही. कडी उघडी राहिली.

वर आलो तर काशीच्या खुराड्यात शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनचा कोंबडा. तुला तो ठाऊक होता. उंच, घट्ट पिसांचा, कुठल्याशा असीलाचं थोडं रक्त असलेला. डोक्यावर रुमाल टाकला तर तुझ्याच घरचा वाटावा. पण तुरा? करवतीसारखा उभा. त्याचं काम झालं होतं. काशी पिसं झटकत होती. मी त्याला धरायला गेलो, त्यानं माझ्या मनगटावर नखी मारली, जाळी फाडली आणि उडाला.

तू परत आलास. फाटलेली जाळी पाहिलीस. "या काय झाला?"

हसू, मी तोंड उघडलं तेव्हा खरंच खरं सांगणार होतो. पण माझं तोंड तुला माहीत आहे, ते माझ्या आधी सुरू होतं. "मुंगूस!" मी म्हटलं. "काय मुंगूस! बोकडाएवढं! जाळी फाडून आत. काशी कोपऱ्यात. मी चप्पल काढली, चप्पल गेली त्याच्या तोंडात. मग मी हात घातला..." आणि मनगट पुढं केलं.

मी वाट पाहत होतो. तू विचारशील, यात पानी किती, मी हसेन, म्हणेन सगळंच पाणी, आणि सांगून टाकेन. तू विचारलं नाहीस. तू माझं मनगट हातात घेतलंस, ओरखड्यावरून अंगठा फिरवलास, डोळे मिटून, पक्षी पारखावा तसा. तुझे डोळे भरले. "माज्या काशीसाटी तू मुंगसाच्या तोंडात हात घातलास," म्हणालास.

माझ्या शंभर थापांतली एकही न मानणारा तू. ही मानलीस.

दहा-बारा दिवसांनी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "का रे, कोंबडीला एकदा नर लागला तर किती दिवस अंडी त्याची?" तू बाजरी निवडत म्हणालास, "तीन आटवडे. तवर दुसरा नर सोडला तरी भरवसा नाय. कशाला?" मी म्हटलं, "सहज." तोवर तू तुझा नर सोडून काशीची नऊ अंडी खुडूक कोंबडीखाली सरकवली होतीस. तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? नऊ अंड्यांचं आम्लेट. तू चार दिवस अबोला धरला असतास आणि पाचव्या दिवशी मंदाच्या आईने आपल्याला समोरासमोर बसवून जेवू घातलं असतं. पण तोवर तू मुंगसाची गोष्ट सगळ्या गावठाणात सांगून आला होतास. लोक मला चहा पाजत होते.

सात पिल्लं निघाली. तुरा बसकाच. तू म्हणालास, "जरा रुंद वाटतो. पन बसका हाय." आणि ती वाढली तर काय वाढली! बाहेरचं रक्त आलं की पहिली पिढी जोमदार होते हे तूच मला शिकवलंस, आणि तुझ्याच डोळ्यांपुढं ते होत असताना तू म्हणायचास, "बापसाचा आशीर्वाद हाय." सातही जणांच्या डाव्या पायाच्या बोटांमधल्या पडद्याला तू खूण केलीस, कारण पुढची पैदास त्यांच्यातूनच करायची ठरवलीस. मी तेव्हाही गप्प.

पुढच्या वर्षी त्यांची आपसात जोडी लावलीस आणि बारा पिल्लांत तीन उभे तुरे निघाले.

तू ती पिल्लं तळहातावर घेऊन बसला होतास. अर्धा दिवस उठला नाहीस. संध्याकाळी म्हणालास, "मास्तर, या आला कुटून?" मी म्हटलं, "निसर्ग आहे रे." चित्रकलेच्या शिक्षकाने निसर्गावर ढकललं.

मग तुझी शोधाशोध सुरू झाली. डोक्यातल्या डोक्यात तू वीस-पंचवीस वर्षं मागं गेलास. कोण कुणाची पोर, कोण कुणाची आजी. या सातांची आई काशी, तिची आई तुझ्या बापाच्या पक्ष्यांच्या वंशातली. नर म्हणून तू नंतर सोडलास तोही त्याच वंशातला. दोन्हीकडून वाट जोमाबाबाकडंच जात होती. तुला आठवलं की एका वर्षी रोग पडून सगळे नर मेले तेव्हा बापानं पेणहून कुणाचा तरी कोंबडा आणला होता. "निवडून आनलाय, सोळा गुनांचा," असं त्यानं तुला सांगितलं होतं. तू हिशेब जुळवलास. तिथंच भेसळ. बापानं तुला फसवलं.

काशी कापलीस. तो म्हातारा नर कापलास. बापाच्या रक्ताचा जो जो संशय, तो तो कापलास. आणि खुणेची पिल्लं मात्र ठेवलीस, कारण ती जोमदार होती, त्यांच्यातून उभा तुरा छाटत छाटत काढून टाकू म्हणून. उलटं कापत गेलास रे हसू. मी समोर बसून रस्सा खात होतो.

त्या वर्षी पितृपक्षात तू बापाच्या नावचं पान वाढलं नाहीस. मंदाची आई तेव्हा होती, ती पाया पडली. तू म्हणालास, "ज्यानं मना खोटा सांगितला त्याला वरन-भात कशाला?" मी ओटीवर बसलो होतो. माझ्या पानात तू भजी वाढलीस.

गेल्या वर्षी पुन्हा एक उभा तुरा निघाला. देखणा निघाला, हरामखोर. पंधरा लक्षणं अशी की तुझ्या बापानं पाहिला असता तर मांडीवर घेतला असता. थंडीत छाटायचा म्हणालास. थंडी आली आणि तुझ्या छातीत पाणी झालं. छाटणी राहिली.

दवाखान्यात तू अर्धा उठून बसलेला असायचास, आडवा झालास की श्वास लागायचा. मंदा औषधं आणायला खाली गेली होती. तू विचारलंस, "मास्तर, तितं बापूस भेटंल का रं?"

मी म्हटलं, "तिथं आधी कोंबडे आहेत का विचार. नसले तर परत ये."

तू हसलास, खोकलास, मग हसायचं थांबवलंस. "भेटला तर मी बोलनार नाय त्याशी. त्यानं मना एक शब्द सांगायचा व्हता. पेनच्या कोंबड्यात खोट हाय, एवडाच. मी काय त्याला मारनार व्हतो?"

एवढंच हवं होतं तुला. एक शब्द. तो माझ्या जिभेवर होता. मी तुझी उशी नीट केली. चौथ्या दिवशी तू गेलास.

म्हणून मला ती टक् ऐकू येते की नाही हा प्रश्नच नाही, हसू. ती कुणाची, हा आहे. कधी कधी ती दोन ठिकाणांहून येते. एक टाकीकडून, तुझ्या खुर्चीतून. दुसरी कठड्याकडून. तिथं कुणी कधी बसलेलं मी पाहिलेलं नाही. जोमाबाबाला तर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना मला स्पष्ट वाटतं, की गच्चीच्या दोन टोकांना दोन म्हातारे एकमेकांकडं पाठ करून बसलेत आणि मधल्या मोकळ्या जागेत मी सुपात बाजरी घेऊन उभा आहे. त्या वेळी उभ्या तुऱ्याचा तो कोंबडा आरवायला मान वर करतो, एका टोकाकडं बघतो, दुसऱ्या टोकाकडं बघतो आणि न आरवताच मान खाली घालतो.

तुझ्या तेराव्याला पंगत बसली. जेवणं उरकत आली, माणसं जरा सैल झाली, आणि तुझा चुलतभाऊ म्हणाला, "मास्तर, मुंगसाची सांगा. आमच्या हसूनानांना लय आवडायची."

मी उभा राहिलो. म्हटलं, "मुंगूस नव्हतं."

"मंग काय व्हता? वाघ?"

"कोंबडा होता. वॉचमनचा. कडी मी उघडी टाकली होती. हसूच्या पक्ष्यांत उभा तुरा आला तो माझ्यामुळं. त्याच्या बापाचा काही दोष नव्हता."

आणि मग सगळी पंगत हसली. कुणी म्हणालं, "दर वर्षी नवी!" कुणी म्हणालं, "यात वॉचमनच्या कोंबड्याला मुंगसानं खाल्लं का नाय?" मी म्हणालो, शपथ आहे. ते आणखी हसले. तुझा चुलतभाऊ डोळे पुसत म्हणाला, "नाना असते तर खूश झाले असते." हसू, चाळीस वर्षं मी थापा मारल्या आणि लोक अर्ध्यावर विश्वास ठेवत राहिले. एकदा खरं बोललो तर पाण्याचं प्रमाण विचारायलाही कुणी थांबलं नाही.

मंदा हसली नाही. ती जिलबीचं ताट घेऊन उभी होती. पंगत उठल्यावर मागं मोरीजवळ आली. "काका, खरा हाय का या?"

मी हो म्हणून मान हलवली.

"बाबा मरेपरेंत आज्याला शिव्या देत व्हता."

"हो."

"आनि तुमी समोर बसून व्हतात."

"हो, बाय."

मला वाटलं तोंडात मारेल. तिनं ताट खाली ठेवलं आणि तुझ्यासारखा अंगठा ओठावर ठेवून विचार केला. "तुमचा कोन ऐकनार? तुमी मेलात तरी लोक म्हनतील नाटक करतोय. दाखवा. पक्ष्यात दाखवा."

तेव्हा मला आठवलं, मोऱ्याला तिच्या अंगणात गंगू आहे. काशीची सख्खी बहीण. मंदाला लग्नानंतर तू माहेरची म्हणून दिली होतीस, या सगळ्या भानगडीच्या वर्षभर आधी. तुझ्या सुरीतून सुटलेलं जोमाबाबाचं एकमेव रक्त. आणि तूच शिकवलेलं गणित: उभ्या तुऱ्याच्या नरात बसका तुरा अजिबात नसतो. कोंबडीत उभ्या तुऱ्याची लपलेली भेसळ असेल तर त्याच्यापासून निम्मी पिल्लं उभ्या तुऱ्याची निघतात. नसेल तर एकही नाही. ज्याची मान मुरगळायची तुझ्याकडून राहिली, तोच तुझ्या बापाचा साक्षीदार.

मंदा आणि मी मोऱ्याला गेलो. गंगू बांबूच्या डालग्यात, डालगं माझ्या मांडीवर, बसमध्ये उरणपासून पनवेलपर्यंत तिनं चार माणसांना चोच मारली. (तिघांना. चौथ्याला मीच कोपर मारलं.) तिला तीन आठवडे एकटी ठेवली. मोऱ्याच्या कुठल्या कोंबड्याचा अंश राहायला नको म्हणून. त्या दिवसांतली अंडी मंदानं मला खायला घातली. आम्लेट. मग नर सोडला. कडी मी लावायचो आणि मंदा येऊन पुन्हा बघायची. मी वर असलो तरी बघायची. टपरीवर तीन महिन्यांत गेलेलो नाही.

गंगूनं अकरा अंडी दिली, स्वतःच खुडूक झाली आणि बसली. तिला खाली उतरवून दाणा द्यायला जावं तर फुगून दुप्पट व्हायची. एकविसाव्या दिवशी आठ निघाली. तीन अंडी पोकळ.

त्या दिवशी काही कळेना, डोकी नुसती ओली. पाचव्या दिवशी सकाळी मंदा खाली पदर खोचून बसली, मी भिंग घेऊन आलो, चित्रकलेचं. एकेक पिल्लू ती तळहातावर धरायची, मी तुऱ्याची जागा बघायचो. पहिलं, तीन ओळी. दुसरं, तीन ओळी. तिसऱ्याला भिंग मंदानं माझ्या हातातून काढून घेतलं. तिनं बाकीची पाहिली. मग परत पहिल्यापासून आठही पाहिली. वरून विमान गेलं, सगळी पिल्लं तिच्या हाताखाली दबली. ती म्हणाली, "बसका हाय. पन जरा रुंद हाय ना, काका?"

रुंदच. बाप उभ्या तुऱ्याचा असला की तसाच निघतो, जरा रुंद. काशीच्या सातांचा होता तस्सा.

एका कोंबडीनं अख्खं घराणं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तू असतास तर म्हणाला असतास, अजून दोन वेळा बसवा. बसवू. आणि हेही लिहून ठेवतो, कारण आता लपवायचं काही उरलं नाही: गंगूसाठी शुद्ध नर कुठंच नाही. तो तू कापलास, माझ्या मुंगसापायी. या आठांतही वॉचमनच्या कोंबड्याचं रक्त आलंच. जोमाबाबाचं घराणं गंगूबरोबर संपेल. पंचवीस वर्षं तू डोळे मिटून जे हातात धरून ठेवलंस, ते मी एका किश्श्यात घालवलं. तू मला क्षमा केली असतीस का, हे मी विचारत नाही. तू केली असतीस, आणि मला ते ऐकवणार नाही.

मला दुसरंच मागायचं आहे. मंदा खाली आहे, मी एकटा वर आहे, पिल्लं गंगूखाली गेलीत. तू टाकीच्या सावलीत आहेस. तो तिकडं कठड्याला आहे. तो आधी बोलायचा नाही. तुझाच बाप आहे, मानी असणार. तर तू ऊठ, हसू. गच्ची काही एवढी मोठी नाही, मी मोजलीय, अठरा पावलं आहेत. त्याच्याजवळ जा आणि सांग, पेणचा कोंबडा खरा होता. तो विचारेल, मग खोटं कोण बोलला?

माझं नाव सांग.